संगणक थंड जागी हलवून पाहा

मी पाणी पिऊन परत आले, तर नानांनी कूलरचं तोंड सीपीयूकडे वळवलेलं. घरातली माणसं घामाघूम, आणि कॅबिनेटच्या अंगावर खसाचा ओला वारा! मी धावत जाऊन आधी कूलर फिरवला. "नाना, हे काय करताय?" तर ते शांतपणे पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अगं, त्यानंच लिहिलंय. थंड जागी हलवून पाहा म्हणून."

आणि खरंच लिहिलं होतं. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी टाकता येणारी सिस्टिम) टाकताना मधेच अडकलं की येणारा तो निरोप ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल. एरर क्रमांक ५, इनपुट-आउटपुट. खाली सल्ल्यांची माळ: सीडी-डीव्हीडी पुसून पाहा, कमी वेगानं लिहून पाहा, ड्राइव्हची काच साफ करा, हार्डडिस्क जुनी होऊन बदलायला आली आहे का ते बघा, नाहीतर यंत्र जरा थंड जागी न्या. माझ्याकडे सीडीही नव्हती आणि डीव्हीडीही नव्हती, पेनड्राइव्ह होता. आणि थंड जागा म्हणाल तर एप्रिल महिना, इंदूर. मालव्याच्या रात्री थंड असतात असं आम्ही पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगतो, पण लोकमान्य नगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेकडच्या खोलीपर्यंत ती बातमी पोहोचलेली नाही.

नाना म्हणजे माझे सासरे. वय ७६. संगणक २००९ सालचा, माझा नवरा इंजिनिअरिंगला होता तेव्हा सुटे भाग घेऊन जोडलेला. इंटेलचा कोअर टू ड्युओ ई-७४००, जी-३१ चिपसेटचा मदरबोर्ड, एक-एक जीबीच्या दोन डीडीआर-२ रॅम, ३२० जीबीची डिस्क. नवरा नोकरीला पुण्याला गेला आणि यंत्र नानांच्या वाट्याला आलं. त्यावर विंडोज ७, आणि विंडोज ७ वर नानांचा कुलवृत्तांत. अकरा वर्षं टाइप करताहेत. कोण कुठल्या पिढीत कोकणातून निघालं, कोण होळकरांच्या पदरी राहिलं, कुणाला दत्तक घेतलं, सगळं.

विंडोज ७ चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, १४ जानेवारी २०२० ला संपला, त्याचं नानांना काही वाटलं नव्हतं. पण क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि तिलाही आता बँकेची साइट दारातून परत पाठवायला लागली. नवा घेऊ म्हटलं तर, "याला काय धाड भरली आहे?" विंडोज ११ चा प्रश्नच नव्हता. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, ती या बोर्डावर नाही. आणि खटपट करून ते टाळणारे लोक आहेत, पण २४-एच-२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ च्या सूचना असाव्याच लागतात. ई-७४०० ची धाव ४.१ पर्यंतच. विंडोज १० चाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपून गेला. म्हणून मिंट २२, तेही हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपचं. किमान दोन जीबी रॅम पुरते असं ते स्वतःच सांगतात.

शनिवारी दुपारी सुरुवात करण्याआधी मी नानांना डॉक्टरसारखं विचारलं, काय काय त्रास आहे? ते म्हणाले, "त्रास काही नाही. हळू आहे, माझ्यासारखा. फोटो जास्त उघडले की निळा पडदा येतो, मग मी बंद करून चहा घेतो. आणि घड्याळ रोज मागे जातं. सकाळी लावून घेतो." मी मान डोलावली. नवीन सिस्टिम आली की सगळं जाईल हो नाना, असंही म्हणाले. हे वाक्य मी पुढे तीन दिवस मनातल्या मनात परत घेत होते.

पहिली फजिती कीबोर्डची. माझा चांगला यूएसबी कीबोर्ड सोबत नेला होता, आणि बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी जागं होणारं बोर्डाचं स्वतःचं सेटिंग) शिरायला डिलीट दाबून दाबून बोट दुखलं. काही होईना. त्या काळच्या बऱ्याच बायोसमध्ये यूएसबी कीबोर्डचा पर्याय मुळात बंदच असतो, तो चालू करायला आत जावं लागतं आणि आत जायला कीबोर्ड लागतो. नानांचा जुना, जांभळ्या गोल पिनेचा, अक्षरांवर मराठी स्टिकर चिकटवलेला कीबोर्ड लावला आणि पहिल्या दाबाला दार उघडलं. नानांनी काही म्हटलं नाही. नुसतं माझ्या कीबोर्डकडे बघितलं.

दुसरी फजिती पूर्ण माझी. पेनड्राइव्ह बूटच होईना, म्हणजे त्यावरून यंत्र सुरूच होईना, कारण रूफसमध्ये (पेनड्राइव्ह तयार करणारा प्रोग्रॅम) मी तो जीपीटी या नव्या पद्धतीनं लिहिला होता. आधीच्या महिन्यात स्वतःच्या लॅपटॉपसाठी तसा केला होता, हात तसाच चालला. या बोर्डाला यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार, ठाऊकच नाही, त्याला एमबीआर ही जुनी पद्धत हवी. परत लिहिला. बायोसमध्ये पेनड्राइव्ह वेगळा दिसत नाही, तो हार्डडिस्कांच्या यादीत बसलेला असतो, तिथे आत शिरून वर आणावा लागतो. आणला, एफ-१० दाबून सेव्ह केलं, मिंट सुरू झालं. नानांच्या फाइली मी तिथूनच माझ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. तोवर दिवेलागण झाली, सगळे उठलो, चहा झाला.

परत आले तर समोर विंडोज.

बायोसमध्ये जाऊन बघते तर क्रम पहिल्यासारखा, पेनड्राइव्ह खाली. वाटलं, सेव्ह करायचं राहिलं असेल. परत केलं. मिंट आलं, इन्स्टॉल सुरू केलं, फाइली उतरवणारी पट्टी एक तृतीयांशावर गेली आणि तो एरर ५ आला. म्हणजे जिथून हे पुराण सुरू झालं तिथे. कूलर फिरवून झाल्यावर परत केलं, तर या वेळी पट्टी पार पल्याडपर्यंत गेली आणि मग मेली. माझं निदान पक्कं झालं: पेनड्राइव्ह फितूर आहे. कधी बूट होतो, कधी होत नाही, आणि झाला तरी मधेच दगा देतो. दोन्ही गुन्हे एकाच आरोपीच्या नावावर लावून मी निवांत झोपले.

रविवारी नवा पेनड्राइव्ह. डाउनलोड केलेल्या फाइलीचा चेकसमही (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) तपासला, बरोबर. सकाळी पोहे, वर जीरावन आणि भरपूर शेव, आणि कामाला बसले. बघते तर परत विंडोज. बायोस, क्रम, सेव्ह. इन्स्टॉल. या वेळी एररसुद्धा नाही, माउस जागच्या जागी थिजला.

आता डिस्कवर संशय. लाइव्ह, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या, मिंटमधून तिचं स्मार्ट (डिस्क स्वतः ठेवते ती तब्येतीची नोंद) बघितलं. बदललेले सेक्टर शून्य, बदलायच्या रांगेत असलेले शून्य. सतरा वर्षांच्या डिस्कची एवढी निरोगी कुंडली मी पाहिलेली नाही. मग कुठे माझ्या डोक्यात आलं की अडकण्याची जागा दर वेळी वेगळी आहे. डिस्कवरचा खराब सेक्टर आपली जागा सोडत नाही. फाइल खराब असती तर तीही दर वेळी त्याच फाइलीशी अडखळली असती. इथे तर एकदा अलीकडे, एकदा पलीकडे, एकदा सगळंच बंद. टर्मिनल उघडून कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, निरोप वाचले, तर स्क्वॅशएफएसच्या (पेनड्राइव्हवरचा दाबून भरलेला डबा) तक्रारी ओळीनं. हा डबा उघडला पण आतला माल विस्कटलेला आहे, अशा अर्थाच्या. चेकसम बरोबर आलेला माल विस्कटतो कुठे? वाटेत. आणि वाट जाते रॅममधून.

पेनड्राइव्हवर सगळं दाबून भरलेलं असतं. ते वाचायचं, रॅममध्ये सोडवायचं आणि डिस्कवर लिहायचं, असे कित्येक जीबी. शिवाय लिनक्स मोकळी दिसेल तेवढी रॅम वाचलेल्या फाइली साठवायला वापरून टाकतं, म्हणजे कधी ना कधी रॅमच्या कानाकोपऱ्यातल्या प्रत्येक खणावर हात पडतोच. एक खण किडका असेल तर तो इन्स्टॉल करताना सापडणारच. नाना वर्डमध्ये चार पानं टाइप करायचे तेव्हा त्या खणापर्यंत कुणी जात नसे. एकदम बरेच फोटो उघडले की मात्र... "नाना, तो निळा पडदा किती वर्षांपासून येतोय?" "झाली असतील चार-पाच. का गं?"

मेमटेस्टचा (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) वेगळा पेनड्राइव्ह केला आणि लावून ठेवला. पंधरा मिनिटांत लाल ओळी, म्हणजे चुका.

मग कॅबिनेट उघडलं. आमच्याकडे खंडेनवमीला सीपीयूची पूजा होते. बाहेरून कुंकवाचं स्वस्तिक होतंच, आत पंख्याच्या जाळीत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि हळदीचा एक पट्टा निघाला. नाना जरा ओशाळले. मी रॅम काढल्या, त्यांच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं घासल्या. हे हसण्यावारी नेऊ नका, जुन्या यंत्रांची निम्मी दुखणी खोडरबरनं बरी होतात. हे त्यातलं नव्हतं. परत लाल ओळी.

दोन रॅम जोडीनं असताना पत्ते आलटूनपालटून दोघींवर जातात, म्हणून लाल ओळीतला पत्ता बघून दोषी कोण ते ठरवता येत नाही. एकेक लावूनच बघावं लागतं. पहिली एकटी लावली, जेवणं होऊन ओटा आवरून झाला तरी स्वच्छ. दुसरी लावली, लगेच लाल. दुसरी पहिलीच्या स्लॉटमध्ये लावली, तरी लाल. म्हणजे स्लॉट निर्दोष. ती हिरवी पट्टी हातात घेऊन नाना बराच वेळ उजेडात धरून बघत होते, कीड दिसते का ते.

सोमवारी ऑफिसातून लंचच्या सुट्टीत आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलला गेले. डीडीआर-२ म्हटल्यावर पहिल्या दोन दुकानांत माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. तिसऱ्यात एका मुलानं खोक्यातून मूठभर काढल्या. मी चार जीबीची एक बघितली, स्वस्त वाटली, तर तोच म्हणाला, "ये मत लो दीदी, एएमडीवाली है, इंटेल पे नी चलेगी." त्याचं बरोबर होतं. डीडीआर-२ मधल्या त्या स्वस्तातल्या मोठ्या पट्ट्या एएमडीच्या बोर्डांवरच चालतात, आणि जी-३१ ला तशीही एका स्लॉटमध्ये दोन जीबीच्या वर चालत नाही. दोन-दोन जीबीच्या दोन घेतल्या, जुन्याच, सातशे रुपयांत दोन्ही. विकायचं सोडून अडवणारा दुकानदार भेटला की मी पुढचं सामानही तिथेच घेते. एक माउस घेऊन आले.

संध्याकाळी रॅम बसवल्या, मेन्सचं बटण चालू केलं, सीपीयूचं दाबलं. पडद्यावर आलं: सीमॉस चेकसम चुकीचा, मूळ सेटिंग भरली आहेत, पुढे जायला एफ-वन दाबा. मी वाचतेय तोवर मागून नानांचा हात आला आणि एफ-वन दाबला गेला.

"नाना, हे काय होतं?"

"ते रोजचंच आहे. सकाळी विचारतं, मी दाबतो. आमचा रामराम असतो तो."

मी खुर्चीत मागे टेकले. नाना काम झालं की भिंतीवरचं मेन्सचं बटण बंद करतात. विजेचं बिल, शिवाय वीज पडण्याची भीती. बायोसची सेटिंग आणि घड्याळ जपणारा बोर्डावरचा सेल केव्हाच मेलेला. मेन्स चालू असतं तोवर भिंतीतल्या विजेवर बायोसची आठवण टिकते, बटण बंद केलं की सगळं विसरून यंत्र १ जानेवारी २००९ ला परत जातं. शनिवारी दिवेलागणीला आम्ही चहाला उठलो तेव्हा नानांनी सवयीनं बटण बंद केलं होतं. रविवारी सकाळीही ते बंदच होतं. मी यायच्या आधी मशीन चालू करून, एफ-वन दाबून, तयार ठेवणारे नानाच. मी बापडी पेनड्राइव्ह बदलत बसले. घड्याळ रोज मागे जातं हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी ते गुडघेदुखीच्या खात्यात टाकलं होतं.

सेल म्हणजे सीआर-२०३२, रुपयाच्या नाण्यासारखा, पण त्याहून जाड. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात चाळीस रुपयांना मिळाला. बसवताना खिटी मागे ढकलायची, उपटायचं नाही. ती खिटी तुटली की मग रडा.

पुढचं भराभर झालं. मेमटेस्टची एक पूर्ण फेरी स्वच्छ. इन्स्टॉल विनातक्रार. मी "दुसरं काहीतरी" हा पर्याय घेऊन नानांची डी ड्राइव्ह न पुसता फक्त विंडोजच्या जागी मिंट बसवलं. रात्रीचे अकरा. पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं.

काळा पडदा, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.

हे मात्र कुणाच्या माथी मारता येत नाही. इन्स्टॉल करताना खाली एक छोटी खिडकी असते, बूट लोडर (यंत्र चालू होताच सिस्टिमला उठवणारा छोटा प्रोग्रॅम) कुठे बसवायचा ते विचारणारी. तिथे एसडीए आधीच निवडलेलं होतं, आणि एसडीए म्हणजे हार्डडिस्क हे माझ्या हाडात मुरलेलं. त्या दिवशी पेनड्राइव्ह एसडीए होता आणि डिस्क एसडीबी. नाव शेजारीच लिहिलेलं असतं, वाचायचे कष्ट घेतले असते तर. म्हणजे घर इथे बांधलं आणि किल्ली पाहुण्याच्या खिशात दिली. पेनड्राइव्ह परत लावला तर त्यावरच्या ग्रबनं, म्हणजे त्याच बूट लोडरनं, निमूटपणे नवीन मिंट चालू करून दिलं. आत जाऊन कोण कुठल्या नावाचा आहे ते आधी बघितलं, मग ग्रब डिस्कवर बसवला, एका ओळीची आज्ञा. पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट, आणि मिंटचा हिरवा लोगो. नानांनी देवाला हात जोडले, मी ओट्यावरचं गार दूध प्यायले.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती खरं तर सगळ्यात महत्त्वाची. शनिवारी मी ज्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या होत्या, त्याही त्याच किडक्या रॅममधून गेल्या होत्या. हे मंगळवारी सकाळी दात घासताना सुचलं आणि पोटात गोळा आला. मूळ डी ड्राइव्ह शाबूत होती म्हणून बरं. दोन्हीकडचे चेकसम काढून ताडून पाहिले. कुलवृत्तांताची सगळी प्रकरणं जुळली, दोन फोटो जुळले नाहीत. एकात आजेसासऱ्यांच्या पागोट्यापासून खाली नुसता करडा पट्टा. डी ड्राइव्हवरच्या मूळ फोटोत आजेसासरे पूर्ण आहेत. जुन्या यंत्रावर काही करायच्या आधी बॅकअप घ्या असं सगळे सांगतात. मेमटेस्ट बॅकअपच्याही आधी लावा, एवढी त्यात माझी भर.

नानांचं जुन्या फॉन्टातलं मराठी लिनक्सवर कसं दिसलं (आधी बाराखडीचा चुराडा, मग फॉन्टच्या फाइली नेऊन ठेवल्यावर ठीक) आणि युनिकोडमध्ये टाइप करायला ते कसे तयार झाले नाहीत, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. सध्या फायरफॉक्स चालतो, बँकेची साइट उघडते, घड्याळ बरोबर असतं. मेन्सचं बटण अजूनही बंद होतं, आणि मी आता त्यावर काही बोलत नाही.

खराब रॅम मी कचऱ्यात टाकायला निघाले तर नानांनी हात धरला.

"सगळी खराब आहे का?"

"नाही हो. एक खण. बाकी कोट्यवधी चांगले असतील."

"मग टाकून काय राहिलीस? तो एक खण सोडून वापरता येत नाही?"

मी येतं म्हणाले, कारण खरंच येतं. ग्रबला बॅडरॅम म्हणून सेटिंग आहे, अमुक पत्त्याकडे फिरकू नको असं त्याला लिहून देता येतं. हे ऐकून नानांनी ती पट्टी खोडरबरसकट प्लास्टिकच्या डबीत घातली, डबीवर चिठ्ठी चिकटवून तारीख लिहिली, आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली.

"असू दे," म्हणाले. "लागेल."